पावलागणिक एक रेघ

फणस नुसता थापटून कापा की बरका ते आपल्याला कळतं, असं आनंदीबाई सोहोनी स्वतःच सांगत. दहांतले चार चुकत. चुकला की त्या म्हणत, "झाड बदललं." माणसांच्या बाबतीतही त्यांचं असंच होतं. पाहुणा पायरी चढायच्या आत त्यांचा निकाल लागलेला असे, आणि दिलेला निकाल फिरवायची त्यांना सवय नव्हती. एकोणीसशे चौतीस सालच्या श्रावणात, नारळी पौर्णिमा झाल्यावरच्या पहिल्या बोटीनं हरिहर बर्वे नावाचा तरुण डॉक्टर मुंबईहून आला, बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरून भिजल्या विजारीनं थेट त्यांच्या ओटीवर उभा राहिला, तेव्हा आनंदीबाईंनी त्याला वरून खालपर्यंत एकदाच पाहिलं आणि मनात म्हटलं, बरका. वरून काटे, आत गिळगिळीत, हातात म्हणून धरवायचा नाही. त्याच रात्री भावालाही त्यांनी हा निकाल ऐकवला.

त्यांचा धाकटा भाऊ गोपाळकृष्ण हा रत्नागिरीत खाडीकाठच्या धर्मार्थ दवाखान्याचा डॉक्टर. बारा खाटांचा दवाखाना, त्याच आवारात डॉक्टरांचं राहतं घर, दोहोंमध्ये तांबड्या मातीचं अंगण. सव्वीस वर्षं गोपाळकृष्णांनी त्या अंगणातून ये-जा केली होती. आनंदीबाई अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या तेव्हा गोपाळ सात वर्षांचा होता. वर्षभरात आई गेली, आणि त्यानंतर जगात आनंदीबाईंना आपलं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं. त्याच्या अंगाला कोण कशासाठी हात लावतो, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"दोन वर्षं मी इस्पितळात राहून शस्त्रक्रिया केल्या," पहिल्याच दिवशी हरिहर जेवताना सांगू लागला. "आता मज्जातंतूंच्या रोगांकडे वळायचंय. पण तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, तुमची चाकूची वर्षं आम्ही धरणार नाही. आधी वर्षभर औषधाच्या वॉर्डात उमेदवारी करा. त्यातले सहा महिने बाहेरगावी चालतील, पण राहायचं दवाखान्याच्या आवारातच. मज्जातंतूंचा एक तरी रोगी सहा महिने रोज बघून टिपण करायचं. आणि ज्यांच्या हाताखाली काढले, त्यांनी स्वतःच्या हातानं दाखला लिहायचा. तो नेला तरच जागा."

"म्हणजे मॅट्रिक झालेल्यानं पुन्हा बिगरीत जाऊन बसायचं," आनंदीबाई म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"आणि हे रोग म्हणजे कसले? वेडबीड?"

"तसे नव्हेत. हात लुळा पडतो, जीभ अडखळते, चालणं जातं, ते."

"औषध आहे त्यांवर?"

"फारसं नाही."

"मग बघून काय करायचं?"

हरिहरनं ताकाचं भांडं उचललं. एरवी असल्या प्रश्नावर गोपाळ ताटावरून खो खो हसला असता. पण हल्ली तो हसत नसे. तो आनंदीबाईंकडे नुसता बघत राहिला.

आनंदीबाईंना हे सगळं मुळीच पटलं नाही. चालतं दुकान टाकून कुणी दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधायला बसतं? मुंबईत चाकू चालवणारा माणूस इथे ताप मोजायला येतो म्हणजे एक तर तिकडे कुणाला तरी मारून आला असेल, नाहीतर इकडे कुणाच्या तरी जागेवर डोळा असेल. दवाखान्याचे पंच बाराही महिने तरुण डॉक्टरच्या शोधात असत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गोपाळला ह्या दवाखान्याबाहेर काढणं म्हणजे मासा वाळूवर टाकणं, हे मात्र फक्त आनंदीबाईंना ठाऊक होतं.

आणि नेमका आताच. गोपाळ देवाला लागला होता तेव्हाच!

हे जरा सांगायला हवं. गोपाळकृष्णांनी जन्मात देवघरात पाय ठेवला नव्हता. सत्यनारायणाच्या तीर्थात किती जंतू असतात हे ते भटजींना ऐकवत. आनंदीबाईंनी त्यावरून डोळ्यांतून काढलेलं पाणी सांगून संपायचं नाही. आणि गेल्या वर्षापासून काय झालं, तर गोपाळचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. जसा माळेवाचून जप करताना फिरतो, अगदी तसा. झोपाळ्यावर बसला की अंगठा चालू. पाण्याचं भांडं उचललं की थांबे, ठेवलं की पुन्हा चालू. चेहऱ्यावरचे राग-लोभ गेले, डोळे स्थिर झाले, चाल संथ झाली. आनंदीबाईंनी एकदा हळूच विचारलं होतं, "कुठलं नाम घेतोस रे?" त्यानं आपल्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सांगायचं नसतं ना ते?" त्या दिवशी आनंदीबाईंनी देवापुढे तुपाचा दिवा लावला आणि देवळात भेटेल त्या बाईला सांगितलं. उशिरा का होईना, गंगेत घोडं न्हालं.

अशा माणसाच्या ताटासमोर हा हरिहर बसायचा आणि त्याच्या हाताकडे बघायचा. आमटीत मीठ नसलं तरी ह्याला कळत नसे, इतका बघायचा. एकदा तर खिशातलं घड्याळ काढून गोपाळच्या तोंडाकडे बघत बसला, ओठ हलवत, काही तरी मोजत. आनंदीबाईंनी विचारलं, "कुठे जायचंय का?" तर दचकून म्हणाला, "नाही, घड्याळ मागे पडतंय." घड्याळ मागे पडत असेल तर घड्याळाकडे बघावं. माणसाच्या पापण्यांकडे काय बघायचं?

दिवाळीपर्यंत आणखी एक झालं. दवाखान्यातली सगळी कापाकापी हरिहरकडे गेली. गळवं तोच फोडी, बोटीच्या दोरानं चिरडलेली बोटं तोच कापी. चाकू सोडायला म्हणून आला, आणि इथे येऊन चाकूच धरून बसला! मग गोपाळच्या हातात राहिलं काय, तर चिठ्ठ्या लिहिणं. त्याही हरिहर सोडीना. कंपाउंडर गंगाराम जुन्या चिठ्ठ्या रद्दीत टाकायचा, तर ह्यानं चार वर्षांच्या शोधून मागून घेतल्या. आनंदीबाईंनी गंगारामला खोदून विचारलं. त्यानं खांदे उडवले.

"म्हणाले, अक्षर बघायचंय."

"कुणाचं?"

"आपल्या डॉक्टरसाहेबांचं."

दुसऱ्याचं अक्षर कशाला बघतात, हे आनंदीबाईंना चांगलं ठाऊक होतं. मुरुडच्या त्यांच्या चुलत दिरानं असंच अक्षर बघून बघून एका वृद्धाची सही गिरवली होती.

पौषात सगुणा आली. ही दवाखाना झाडणारी, पंधरा वर्षं कामावर असलेली. एका सकाळी खराटा तसाच हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली आणि आवाज चोरून म्हणाली, "अक्काबाय, मी माज्या डोल्यानं बगलंय. डागदर दवाखान्यात गेले, नि ह्यो नवा भायेर आला. दवात पावलां उमटली होती त्यांची. त्यावर फीत लावलान, एकेक पावल मापलान, नि वहीत लिवलान."

"पावलं मापलीन्?"

"तर काय सांगतंय! मानसाच्या पावलाचं माप कोन नि कशापायी घेतो, ता तुमाला सांगाया होवा काय?"

सांगायला नको होतं. कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पायाखालची माती आणि पावलाचं माप ज्याच्या हाती गेलं, त्याचा जीव दुसऱ्याच्या मुठीत गेला. आनंदीबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या होत्या, असल्या गोष्टींना त्या चारचौघांत हसत. पण हसायला चारचौघं लागतात; त्या वेळी तिथे सगुणा एकटीच होती, आणि ती हसत नव्हती. शिवाय आनंदीबाईंना एकाएकी सगळं लख्ख दिसलं. गोपाळ वाकत चाललाय. त्याचं पाऊल दिवसेंदिवस आखडतंय. आपण म्हणतो वय झालं. पण वयाला कुणी फीत लावतं का?

त्यांनी ग्रामदैवत भैरीच्या देवळातून अंगारा आणवला. चिमूटभर अंगारा, त्यात चुलीतली शेरभर राख घातली. देवाचा काय, वास लागला तरी पुरतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी घराच्या पायरीपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत अंगण आडव्या रेघांनी बांधून टाकलं. आपलं एक पाऊल टाकायचं आणि एक रेघ ओढायची. एकवीस रेघा झाल्या.

"हे काय गं अक्का?" गोपाळकृष्णांनी बाहेर येऊन विचारलं.

"मुंग्या फार झाल्यात."

ते पायरीशी घुटमळले. हल्ली घुटमळतच, निघायचं तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. मग त्यांनी पहिल्या रेघेकडे पाहिलं, पाय उचलला आणि ती ओलांडली. मग दुसरी. मग तिसरी. आणि बघता बघता गोपाळ ताठ मानेनं, टपटप ढांगा टाकत, दहा वर्षांपूर्वी चालायचा तसा पलीकडे गेला! आनंदीबाईंचे डोळे भरून आले. आणि समोर, दवाखान्याच्या दारात, हरिहर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो आत धावला आणि वही घेऊन बाहेर आला.

ह्याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात लागतो? उतारा लागू पडला, म्हणजे करणी होती. करणाऱ्याचं तोंड पडलं, म्हणजे करणारा तोच.

पण वाऱ्यानं त्या दिवशी दुपारपर्यंत रेघा पुसल्या आणि संध्याकाळी गोपाळ पुन्हा आखडत आला. पुन्हा ओढाव्यात तर तो विचारील. रोज रोज मुंग्या कुठून आणायच्या? आनंदीबाई हरिहरवर डोळा ठेवून राहिल्या.

माघ लागल्यावर हरिहर एका दुपारी जेवताना म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी ह्या शनिवारच्या बोटीनं निघतो."

"सहा महिन्यांना अजून पंधरा दिवस आहेत," गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांचा आवाज हल्ली फार हलका झाला होता. "दाखला?"

"दाखला नको. इथे मला मज्जातंतूंचा रोगी मिळाला नाही. दुसरीकडे कुठे तरी पुन्हा पहिल्यापासून सहा महिने काढीन."

आनंदीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. ज्या कागदासाठी हा माणूस सहा महिने परक्याच्या घरी राहिला, तो कागद न घेताच निघाला? कोण असं करतं? ज्याचं काम झालंय, तोच असं करतो.

जेवून हरिहर वॉर्डात गेला, तशा त्या ओटीलगतच्या त्याच्या खोलीत शिरल्या. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायची त्यांची ती पहिलीच वेळ, आणि त्यांना तिळमात्र लाज वाटली नाही. ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी वही होती. अक्षरं इंग्रजी, ती त्यांना येत नव्हती. पण आकडे येत होते. पानोपानी तारखा, आकडे. गोपाळच्या चिठ्ठ्या एकाखाली एक चिकटवलेल्या, आणि एका पानावर काढलेली पावलं, दोन पावलांमध्ये बाण, बाणावर आकडा.

त्या वही घेऊन सरळ ओटीवर आल्या. गोपाळकृष्ण झोपाळ्यावर बसले होते, अंगठा पेरांवर फिरत होता. त्यांनी सगुणाला ओरडून सांगितलं, "बोलाव त्या बर्व्याला!" हरिहर आला. वही बघताच तो दारातच थांबला.

"वाच, गोपाळ," आनंदीबाई म्हणाल्या. "ह्यानं तुझी पावलं मोजलीन्, तुझं अक्षर चोरलंन्, तुझ्या पापण्या मोजल्यान्. काय लिहिलंन् आहे ते माझ्यासमोर मराठीत वाच. आणि मग हा मेला बोटीनं जातो की पोलिसांबरोबर, ते आपण ठरवू."

"अक्का, नका," हरिहर म्हणाला. "डॉक्टरसाहेब, ती वही मला द्या."

"बघ! बघ कसा घाबरला!"

गोपाळकृष्णांनी वही उघडली. पहिलं पान त्यांनी मनातच वाचलं. मग त्या हलक्या आवाजात, एकेक शब्द मराठीत करून वाचू लागले.

"रोगी पुरुष. वय अठ्ठावन्न. धंदा वैद्यकी. उजव्या हाताला कंप. हात स्वस्थ असला की येतो, वस्तू धरली की थांबतो. अंगठा पेरांवर फिरतो. चेहरा थिजलेला. पापण्या मिनिटाला सहा वेळा लवतात. चार वर्षांत अक्षर निम्म्यानं लहान. पाऊल भाद्रपदात तेरा इंच, पौषात अकरा." त्यांनी पानं उलटली. "आणि हे शेवटचं, परवाच्या तारखेचं. ही नोंद मी कुठेही दाखवणार नाही. पंचांना कळलं तर हे घर आणि हा दवाखाना त्यांच्याकडून जाईल. दाखला मागत नाही."

सगुणा खराटा घेऊन खांबाशी उभी होती, तिला काही कळलं नव्हतं. आनंदीबाईंना कळलं होतं, पण त्या कळून घेत नव्हत्या.

"कोण हा रोगी?" त्यांनी विचारलं.

"अक्का."

"नाव वाच त्याचं."

"नाव लिहिलेलं नाही त्यानं. तेवढी त्याची माणुसकी." गोपाळकृष्णांनी वही मिटली. "मला वर्षापासून ठाऊक आहे. माझ्याकडेही पुस्तकं आहेत. चाकू त्याच्या हातात मीच दिला; नाही तर गळवाऐवजी कुणाचा गळा कापला असता मी."

"औषध?"

"ते तू पहिल्याच दिवशी विचारलंस."

आनंदीबाईंनी भावाच्या हाताकडे पाहिलं. अंगठा फिरत होता. पहिल्या पेरावर, दुसऱ्या पेरावर, पुन्हा पहिल्या.

"मग हा जप?" त्यांनी विचारलं.

"जप नव्हे तो. बोटं आपली आपण चालतात. माझं ऐकत नाहीत."

"मग मला का म्हणालास, सांगायचं नसतं म्हणून?"

"तू इतकी खूष झाली होतीस," गोपाळकृष्ण म्हणाले. "तुला इतकं खूष मी जन्मात केलं नव्हतं. मोडवेना."

आनंदीबाई मटकन खाली बसल्या. त्यांना आधी देवाचा राग आला, मग गोपाळचा, आणि मग स्वतःची अशी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं ते कळेना. भावाचा हात निकामी होत होता, आणि त्या तुपाचे दिवे लावत होत्या. देवळातल्या बायकांना सांगत होत्या! आणि ज्याला चोर म्हणून त्यांनी धरून आणला, तो आपले सहा महिने पाण्यात घालून निमूट निघाला होता. त्या पदरात तोंड घालून रडल्या. दोघा डॉक्टरांना काय करावं ते सुचेना. सगुणानंच पाणी आणून दिलं.

जरा वेळानं गोपाळकृष्ण म्हणाले, "कागद आण, अक्का. दौत आण. दाखला लिहितो."

"डॉक्टरसाहेब, कागद मुंबईला गेला म्हणजे आज ना उद्या पंचांना कळणार," हरिहर म्हणाला.

"कळू दे. रोगी मिळाला नाही असं खोटं तू लिहिशील, आणि मी ते खपवून घेईन? सव्वीस वर्षं खोटा दाखला दिला नाही मी."

ते लिहायला बसले. पहिली ओळ बरी आली. दुसरी बारीक. तिसऱ्या ओळीला अक्षरं मोहरीएवढी झाली आणि चौथीला टाक जागच्या जागी थरथरत राहिला. त्यांनी कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. स्वतःच्या हातानं लिहिलेला दाखला हवा, आणि हात तर हा असा. सहा महिन्यांचं सगळं तिथेच अडलं.

हरिहर एकदम आनंदीबाईंकडे वळला. "अक्का, त्या मुंग्यांच्या रेघा!"

आनंदीबाईंना ती थट्टा वाटली. त्यांनी मान खाली घातली.

"तसं नव्हे. त्या दिवशी रेघांवरून डॉक्टरसाहेब चालले, तेव्हा एकेक पाऊल एकोणीस इंच पडलं. मी मापलंय. कुठल्या पुस्तकात मला हे सापडलं नाही. डोळ्यांपुढे रेघ असली की पाय ऐकतो. मग हातही ऐकेल. रेघा मारून द्या. चांगल्या रुंद."

आनंदीबाई उठल्या. गंगारामकडून रूळ आणि शिसपेन्सिल आणवली, कागद गुडघ्यावरच्या पाटावर पसरला, आणि दोन बोटांचं अंतर टाकून रेघा मारल्या. डोळे अजून गळत होते, पण रेघ एक वाकडी गेली नाही.

गोपाळकृष्णांनी टाक उचलला. अक्षर खालच्या रेघेवर टेकलं आणि वरच्या रेघेला जाऊन भिडलं. ओळीमागून ओळ, मोठं, गोल, जुन्या वेळचं अक्षर. बर्व्यांनी माझ्या हाताखाली सहा महिने काढले. मज्जातंतूंचा एक रोगी त्यांनी रोज पाहिला. त्यांचं टिपण मी तपासलं असून ते बिनचूक आहे. शेवटी रोग्याचं नाव लिहायची जागा आली. तिथे त्यांनी आपलं संपूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली, तपासणाऱ्याच्या जागी, तेच नाव पुन्हा लिहिलं.

हरिहर राहिलेले पंधरा दिवस राहिला, आणि ते भरल्यावरच गोपाळकृष्णांनी दाखल्यावर तारीख घातली. निघताना आनंदीबाईंनी त्याच्या खिशात आमसुलांची पुडी कोंबली. "बोटीत मळमळलं तर तोंडात धर, हरिहरा. आणि पोचल्याचं पत्र टाक." सहा महिन्यांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. गोपाळकृष्णांनी झोपाळ्यावरून विचारलं, "काय अक्का, बरका ना?"

"झाड बदललं," आनंदीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या परात भरून रांगोळी घेऊन अंगणात उतरल्या. सगुणाला दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. थोड्या वेळानं सगुणानं मान वर केली.

"अक्काबाय, तो डागदर तर गेला. मग आता रेघा कशापायी? करनी उतारली नाय काय?"

"नाही उतरली," आनंदीबाई म्हणाल्या. "उतरायची नाही ती. तू रेघ सरळ मार."

गोपाळकृष्ण पायरीवर आले, घुटमळले. त्यांनी पहिली रेघ ओलांडली. लोंबत्या हाताचा अंगठा पेरांवर फिरतच होता. आनंदीबाई तुळशीपाशी उभ्या राहून बघत होत्या. त्याच्या प्रत्येक रेघेला त्यांनी मनात एकेक नाम घेतलं, कारण आता ते घेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. एकविसावं घेतलं, तेव्हा गोपाळ दवाखान्याच्या पायरीला लागला होता.